काबूलमधल्या मुलीला ऑनलाइन गणित शिकवावं का?

वृंदा_क

बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. सविस्तर लिहिते, कारण मला खरोखरच सल्ला हवा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन अफगाण मुली भाड्याने राहायच्या. पुण्यात तेव्हा बरेच अफगाण विद्यार्थी होते, कुणी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर, कुणी घरच्या पैशांवर. त्यातल्या एकीला मी इथे 'न' म्हणते. माझ्या सासूबाईंना ती 'बीबीजान' म्हणायची आणि मला 'खालाजान', म्हणजे मावशी. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात रात्री उशाशी बसायला तीच असायची. एम.ए. करून ती काबूलला परत गेली आणि एका सेवाभावी संस्थेत नोकरीला लागली.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. २४ डिसेंबर २०२२ ला सेवाभावी संस्थांमध्ये बायकांनी काम करायचं नाही असा हुकूम निघाला आणि 'न' घरी बसली. त्याच्या चारच दिवस आधी विद्यापीठं मुलींना बंद झाली होती. तिची धाकटी बहीण तेव्हा सहावी पास झाली होती. तिथे मुलींची शाळा सहावीला संपते. त्या पोरीने पुढच्या वर्षी पुन्हा सहावीतच नाव घातलं. बाईंनी डोळेझाक केली. तेच धडे, तीच पुस्तकं, पण शाळेत जायला मिळत होतं! तिसऱ्यांदा मात्र बाईंनी हात जोडले. आता ती पंधरा वर्षांची आहे.

२९ सप्टेंबर २०२५ ला त्यांनी अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं होतं. दोन दिवस माझ्या मेसेजपुढे एकच टिक. जाळं परत सुरू झालं तेव्हा 'न'चा पहिला मेसेज ख्यालीखुशालीचाही नव्हता. "खालाजान, हिला गणित शिकवाल? पुन्हा बंद व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं."

मी २८ वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शिकवायचं मला काही अवघड नाही. माझी अडचण वेगळी आहे. मे २०२२ च्या बुरख्याच्या हुकुमात शिक्षा बाईला नाही, घरातल्या पुरुषाला आहे. आधी घरी येऊन समज, मग बोलावणं, मग तीन दिवस कोठडी, मग कोर्ट. बाकीचे नियमही याच धर्तीवर राबवतात. उद्या काही झालं तर मी इथे सुखरूप असेन आणि तिच्या वडिलांना उचलून नेतील. ते (संपादित) चालवतात, साठीचे आहेत, मधुमेह आहे.

असं कुणी शिकवलं आहे का? मी हे करावं का?

---

अभय_नाशिक

नक्की शिकवा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

डॉ_शुभा

वृंदाताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी नर्सिंग आणि सुईणीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमधूनही मुलींना बाहेर काढलं. तोवर तेवढी एक फट उघडी होती. शाळा बंद झालेल्या कितीतरी मुलींनी तिथे प्रवेश घेतला होता.

आता हिशेब करा. बाईला पुरुष डॉक्टरने तपासायचं नाही असं अनेक ठिकाणी बजावलेलं आहे. नवीन बाई डॉक्टर तयार होणार नाही, नर्स होणार नाही, सुईणही होणार नाही. आज ज्या डॉक्टर बायका काम करताहेत त्यांच्यातल्या काही देश सोडून जातील, काही म्हाताऱ्या होतील. मग मूल आडवं आलं तर त्या बाईने कुणाकडे जायचं?

सुरगाण्याकडची एक बाई माझ्याकडे अगदी शेवटच्या घटकेला आली होती. सोबत आशाताई होती म्हणून तिचा नवरा तिला आणायला तयार झाला. दवाखान्यात बाई आहे हे कळल्यावरच त्याने जीप ठरवली. दोघी वाचल्या, मायलेकी. ती आशाताई दहावी पास आहे. मुलीला दहावीपर्यंत शिकू द्यायचं नाही याचा अर्थ काय होतो, हे मला त्या रात्रीवरून समजतं.

---

सह्याद्रीचा_पुत्र

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत गणिताला शिक्षक नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुली सहा सहा महिने शाळेबाहेर असतात. तुमच्याकडे वेळ आहे तर आधी तिकडे बघा. काबूलचं काबूलवाले बघतील. त्यांचा देश, त्यांचे कायदे.

---

वृंदा_क

@सह्याद्रीचा_पुत्र, राग नाही. शनिवारी मी वस्तीवर जाते, ते चालूच राहणार आहे. पण ऊसतोडीच्या मुलीला शाळेत आणायला निघालात तर सरकारी माणूस, निदान कागदावर तरी, तुमच्या बाजूला असतो. इथे सरकारच दाराला कुलूप लावून उभं आहे. आणि ही मुलगी मला परकी नाही हो. तिची बहीण माझ्या घरात राहिली आहे.

---

गिरीश_जलसंपदा

मी सलमा धरणाच्या कामावर दीड वर्ष होतो. हरात प्रांतातलं चिश्त-ए-शरीफ, हरी रूद नदीवर. जून २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, 'भारत-अफगाण मैत्री धरण'. रस्ता धोक्याचा, त्यामुळे बऱ्याचदा हरातहून साइटवर हेलिकॉप्टरनेच जायचो.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण अशा चर्चेत ती हमखास निसटते. २०२१ च्या आधी सगळं आलबेल होतं असं समजू नका. हरात शहरात काळा झगा आणि पांढरी ओढणी घातलेल्या शाळकरी मुलींचे थवेच्या थवे दिसायचे. धरणाच्या आसपासच्या गावांत मात्र दीड वर्षात एकाही मोठ्या बाईचा चेहरा मी पाहिला नाही. मातीच्या उंच भिंती आणि आत संसार. कितीतरी तालुक्यांत मुलींची शाळाच नव्हती, असली तर तंबूत. शिवाय लढाई. रात्रीचे छापे, रस्त्यात पेरलेले सुरुंग. गोळीबार थांबला एवढ्यानेच ज्यांना हायसं वाटलं अशा बायकाही तिथे आहेत.

पण त्याच गावातला आमचा फोरमन पगाराच्या दिवशी मला विचारायचा, "साहेब, हिंदुस्थानात मुलीला डॉक्टर करायला किती खर्च येतो?" एकदा नाही, दर महिन्याला. लोकांना शाळा नको होती हे साफ खोटं आहे.

अजून एक. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, १९९६ ते २००१, हरातमध्ये बायका शिवणवर्गाच्या नावाखाली साहित्य शिकायच्या. पिशवीत वर कापड-कात्री, खाली वह्या. त्या वर्गाचं नावच सोनेरी सुई. त्यामुळे तुमची 'न' आज करते आहे ते त्यांना नवीन नाही, वृंदाताई.

---

रणधुमाळी_१७६१

अब्दालीच्या देशाला शिकवायला निघालात? पानिपत विसरलात वाटतं.

---

गिरीश_जलसंपदा

@रणधुमाळी, पानिपतावर स्वतंत्र धागा काढा, मी हजेरी लावतो. इथे पंधरा वर्षांच्या मुलीच्या गणिताचं चाललं आहे.

---

कौस्तुभ_जी

सगळे आडून आडून बोलताहेत. हा प्रश्न तालिबानचा नाही, धर्माचा आहे. मूळच तसं आहे म्हटल्यावर फांद्या कशाला छाटता?

---

रुखसाना_रत्नागिरी

@कौस्तुभ_जी, मी उत्तर देते, कारण हा धर्म माझा आहे.

मुलींना सहावीपुढे शिकू न देणारा देश आज जगात एकच आहे. मुसलमानांचे बाकीचे पन्नासएक देश तसं करत नाहीत. विद्यापीठबंदी आली तेव्हा काहिराच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरियतच्या विरोधात असल्याचं जाहीर सांगितलं. सौदीने आणि तुर्कस्तानने निषेध केला. खुद्द तालिबानच्या सरकारातले उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझई जानेवारी २०२५ मध्ये खोस्तच्या एका कार्यक्रमात म्हणाले की मुलींची शाळा बंद ठेवायला कुठलंही कारण नाही. हे गृहस्थ १९८२ च्या सुमारास आपल्या देहरादूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले आहेत. बोलल्यानंतर त्यांना देश सोडावा लागल्याच्या बातम्या आल्या. मग मूळ कुठलं आणि फांदी कुठली?

पण "याचा इस्लामशी काही संबंधच नाही" असं म्हणून हात झटकणाऱ्या आमच्या लोकांशीही माझं पटत नाही. तालिबान प्रत्येक हुकुमाच्या वर धर्माचं नाव घालतात. ते नाव माझंही आहे, म्हणून बोलायची जबाबदारी माझी इतरांपेक्षा जास्त आहे. हमीद दलवाई आमच्या चिपळूणकडचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला होता, तोंडी तलाकच्या विरोधात. फक्त सात. त्यांच्याकडे लोकांनी कसं पाहिलं असेल ते मला चांगलं माहीत आहे, कारण आमच्या घरातही त्यांचं नाव दबक्या आवाजात घ्यायचे.

माझी दादी बुरखा घ्यायची आणि अब्बांना म्हणायची, "पोरगी कॉलेजला जाईल, फी मी भरते." सुक्या मासळीच्या पैशांतून भरली तिने. मी डोक्यावर ओढणी घेते, माझ्या मर्जीने. काबूलच्या बाईला ती मर्जीच उरलेली नाही. दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजू नका एवढंच.

---

कौस्तुभ_जी

अल-अझहरचं माहीत नव्हतं. सगळं पटलं नाही, पण माहितीबद्दल आभार. दादीला नमस्कार.

---

मंजिरी_ओव्या

रुखसाना, दादीबद्दल अजून लिही कधीतरी.

थोडं अवांतर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचा ३५ कलमांचा सदाचाराचा कायदा आला. त्यात बाईचा आवाजही झाकायच्या गोष्टींत धरला आहे. तिने चारचौघांत गायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही. सोबत महरम नसेल तर टॅक्सीवाल्याने तिला बसवायचं नाही. महरम म्हणजे नवरा, बाप, भाऊ असा जवळचा पुरुष. पुरुषांनाही त्यात दाढीचं माप घालून दिलं आहे.

माझं काम जात्यावरच्या ओव्या लिहून घेण्याचं, म्हणून हे वाचल्यावर मला पश्तू बायकांच्या लंडई आठवल्या. दोन ओळींचं गाणं, पहिलीत ९ अक्षरं, दुसरीत १३. रचणारीचं नाव कुठेच नाही. लंडई म्हणजे आखूड, विषारी साप! नवऱ्याबद्दल, प्रियकराबद्दल, लढाईबद्दल, म्हाताऱ्याशी लावून दिलेल्या लग्नाबद्दल, सगळं त्या दोन ओळींत. आमच्या मुळशीतल्या बायाही सासूसमोर जे बोलता येत नाही ते जात्याला सांगायच्या. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतो, ती त्यांची सोय होती. तिकडच्या बायकांना आता कुठल्या आवाजाचा आडोसा मिळत असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

---

केतकी_दिल्ली

मी पत्रकार आहे. १० ऑक्टोबर २०२५ ला त्यांचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांची दिल्लीत, अफगाण वकिलातीत पत्रकार परिषद झाली. एकाही बाईला आत घेतलं नाही. आपल्या देशाच्या राजधानीत! देशभर ओरड झाली आणि १२ तारखेला त्यांनी पुन्हा परिषद घेतली. या वेळी बायका पहिल्या रांगेत बसल्या आणि मुलींच्या शाळांबद्दल तोंडावर विचारलं. दोन दिवसांत नियम बदलला तो ओरड झाली म्हणून. @सह्याद्रीचा_पुत्र, 'त्यांचं ते बघतील' म्हणून सगळे गप्प बसलो असतो तर दुसरी परिषद झालीच नसती.

---

समीर_मेलबर्न

३० जानेवारी २०२५ ला इथे जंक्शन ओव्हलवर अफगाण बायकांच्या क्रिकेट संघाचा सामना झाला, मी लेकीला घेऊन गेलो होतो. २०२० मध्ये त्यांच्या बोर्डाने २५ मुलींशी करार केले होते. वर्षभरात तालिबान आले आणि त्यातल्या बहुतेक जणी जिवाच्या भीतीने ऑस्ट्रेलियात पोचल्या. आपला एकत्र संघ म्हणून मैदानात उतरायला त्यांना तीन वर्षांहून जास्त थांबावं लागलं. सीमारेषेजवळ एक मुलगी क्षेत्ररक्षण करत होती, चेंडू अडवला की मागे वळून प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे बघायची. माझ्या लेकीने घरी येऊन पहिलं काय केलं, तर बॅट शोधली.

पुरुषांचा संघ मात्र आयसीसीच्या स्पर्धा खेळतो. राशिद खानने नर्सिंगच्या बंदीविरुद्ध उघडपणे लिहिलं, त्याचं मला कौतुक आहे. त्याचे नातेवाईक तिथेच असणार.

---

अभय_नाशिक

समीरभाऊ, राशिदच्या गुगलीवर दहा पानं लिहू शकतो, पण धाग्याची दिशा बदलेल म्हणून आवरतो. :)

---

सचिन_डोंबिवली

वृंदाताई, मूळ प्रश्नाकडे येतो. मी २०२३ पासून दोन अफगाण बहिणींना इंग्रजी शिकवतो आहे. अनुभवातून सांगतो.

सगळ्यात आधी हा धागा संपादित करा. वडील काय करतात ते लिहिलंय ते काढा. गाव, वर्ष, विषय जेवढं पुसता येईल तेवढं पुसा. मराठीत कोण वाचतंय असं समजू नका, भाषांतर एका बोटावर होतं.

व्हिडिओ लावू नका, नुसता आवाज. तिचं नाव फोनमध्ये जतन करू नका, तिनेही तुमचं करू नये. मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय चालू ठेवा. काबूलचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे. वीज कधी येईल सांगता येत नाही, म्हणून ठरावीक वेळेचा हट्ट नको. पाच-सात मिनिटांचे आवाजी धडे करून पाठवा, ती जमेल तेव्हा ऐकेल. माझी थोरली विद्यार्थिनी पोळ्या लाटताना ऐकते. धाकटीने एकदा उत्तर पाठवलं ते अगदी कुजबुजत, मला वाटलं आजारी आहे. शेजारच्या घरात नवीन भाडेकरू आले होते, एवढंच कारण.

इंटरनेट नसेल तेव्हा रेडिओ. काबूलमध्ये 'रेडिओ बेगम' नावाचं बायकांनी चालवलेलं केंद्र आहे, ८ मार्च २०२१ ला सुरू झालेलं. शाळेचे धडे लावायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यावर छापा पडला, प्रसारण थांबवलं, मग काही दिवसांनी परवानगी मिळाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. करायचं की नाही हे तुम्ही एकट्या ठरवू नका. वडिलांना विचारा. धोका त्यांचा आहे, तर होकार-नकारही त्यांचाच. मीही विचारलं होतं.

---

वृंदा_क

सचिन, संपादित केलं. हे आधी सुचायला हवं होतं. विषय आणि वर्षंही काढली.

वडिलांना विचारायला मात्र मी धजावत नव्हते. विचारलं तर त्यांना नकार देणं जड जाईल, किंवा होकार देणं. आज रात्री विचारते.

---

शेफ_प्राजक्ता

वृंदाताई, अगदीच अवांतर, पण तुमच्या 'न'ने बोलानी खायला घातली का कधी? माझी एक मैत्रीण अफगाण हॉटेलात खाऊन आली आणि 'आपला आलू पराठाच' म्हणाली.

---

वृंदा_क

@प्राजक्ता, पराठा म्हणाल तर 'न' भांडेल! आत बटाटा किंवा पातीचा कांदा, पारी कागदासारखी पातळ, अर्धी दुमडून तेलात. सोबत दही. सासूबाई त्यावर साजूक तूप घालायच्या आणि ती डोळे मिटून खायची.

---

डॉ_शुभा

वडील काय म्हणाले?

---

वृंदा_क

उशीर झाला, माफ करा. पाच दिवस उत्तरच नव्हतं, मी धास्तावले होते. वीज नव्हती म्हणे.

वडिलांनी स्वतः आवाजी मेसेज पाठवला, त्यांच्या दरी भाषेत. 'न'ने खाली भाषांतर करून दिलं. सगळं लिहीत नाही. म्हणाले, २३ मार्च २०२२ ला मोठ्या शाळा उघडणार म्हणून जाहीर झालं होतं, तेव्हा शेजारच्या मुलीला मी स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. तासाभरात ती रडत परत आली, कारण ऐन वेळी हुकूम फिरवला. त्या दिवशी मी घरात काही बोललो नाही. माझ्या मुलीने मला विचारलं, बाबा, तुम्हाला राग आला नाही का? मी तिला उत्तर दिलेलं नाही. तुम्ही शिकवा, म्हणजे मला ते द्यावं लागणार नाही. आणि कुणी विचारायला आलं तर काय सांगायचं ते माझं मी बघेन.

शेवटी त्यांनी विचारलं की बीबीजान कशा आहेत. 'न'ने त्यांना सांगितलं नव्हतं.

---

सह्याद्रीचा_पुत्र

वृंदाताई, माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. दहावीच्या भूमितीचे आकृत्यांसह तक्ते मी केलेले आहेत, शब्द अगदी कमी आहेत. हवे असतील तर विपूत (विचारपुशीत) पत्ता द्या, पाठवतो.

---

वृंदा_क

@सह्याद्रीचा_पुत्र, हवेत. विपू केली आहे.

काल पहिला तास झाला. ठरल्याप्रमाणे नुसता आवाज. इंग्रजी तिला बेताचं येतं, माझी हिंदी तिला मालिका बघून कळते, आणि आकडे दोघींना कळतात. मध्येच म्हणाली, "खालाजान, एक मिनिट, खिडकी लावते." परत आली ती अजून हळू बोलायला लागली. मीही नकळत आवाज खाली आणला, पुण्यात, माझ्याच घरात.

सहावीपर्यंतचं तिला लख्ख येतं, सहावी दोनदा केली आहे. म्हणून थेट बीजगणित घेतलं. एक संख्या आहे, तिची दुप्पट करून ७ मिळवले तर ३१ होतात, ती संख्या कोणती? तिने तोंडीच १२ सांगितलं. म्हटलं, उत्तर बरोबर, पण मला पायऱ्या हव्यात. माहीत नसलेल्या संख्येला काहीतरी नाव दे.

थोडा वेळ नुसती पेन्सिलची खरखर. मग तिने विचारलं, "कुठलंही नाव चालेल?"

चालेल म्हटलं. पानाचा फोटो आला तेव्हा मी तो मोठा करून पाहिला, मला दरी वाचता येत नाही. 'न'ला विचारलं. क्षच्या जागी तिने आमच्या सासूबाईंचं पहिलं अक्षर घातलं होतं. चार पायऱ्या, सगळ्या बरोबर, आणि खाली 'तमाम', म्हणजे संपलं.

उद्या दोन चलांची समीकरणं घेते.